शेगड्यावरचा गंज आणि इतिहासावरचा रंग

#धागा

१/
जुने बेंच व्हाईस जमवावेत, चकचकीत करून मांडावेत आणि 'दीडशे वर्षांपूर्वीचा अस्सल ब्रिटिश' अशा मथळ्याखाली विकावेत, हा छंद आता आपल्याकडेही फोफावू लागला आहे. छंदाला आक्षेप नाही. आक्षेप तीन गोष्टींना आहे. वस्तूचे वय सांगण्याची रूढ पद्धत सदोष आहे, स्वच्छतेच्या नावाखाली पुरावा नष्ट केला जात आहे, आणि ज्या हातांनी ही वस्तू आयुष्यभर वापरली ते हात या कथेतून वगळले जात आहेत. या तिन्ही आक्षेपांचा येथे क्रमाने विचार करू.

२/
आधी वस्तूची ओळख. ग्रांथिक मराठीत 'शेगडा' आणि वर्कशॉपात सरसकट 'व्हाईस' म्हणतात ते हे साधन. एक जबडा स्थिर, दुसरा सरकता, मधे स्क्रू, आणि स्क्रू फिरवायला हँडल. कानस मारायची, करवतीने कापायचे, भोक पाडायचे, तर काम जागचे हलता कामा नये, आणि ते हलू न देणे हेच याचे काम. लेथपुढे कामगार उभा असतो तेव्हा अचूकता बऱ्याच अंशी यंत्राची असते. व्हाईसपुढे ती सर्वस्वी फिटरच्या मनगटाची असते. म्हणूनच यंत्रयुगातील मानवी कौशल्याचा इतिहास लिहिणाऱ्याने या ओबडधोबड वस्तूकडे पाठ फिरवू नये.

३/
जुन्या प्रकारापासून सुरुवात करू. लोहाराचा 'लेग व्हाईस' घडीव लोखंडाचा असतो आणि त्याच्या स्थिर जबड्याचा दांडा थेट जमिनीपर्यंत जातो. हा पाय शोभेचा नव्हे. तापलेले लोखंड जबड्यात धरून त्यावर घण घातला की आघात त्या पायातून जमिनीत उतरतो, बाकावर येत नाही. जबडे उघडे ठेवण्यासाठी दोन दांड्यांच्या मधे पोलादी पट्टीची स्प्रिंग असते. सरकता जबडा खालच्या खिळीभोवती कमानीत फिरतो, त्यामुळे जाड वस्तू धरताना जबडे समांतर राहत नाहीत. प्रत्येक रचनेचे एक बलस्थान आणि एक उणीव असते. ती जोडी समजली की ओळख अर्धी झाली.

४/
लेग व्हाईसच्या वयाचा सर्वांत बोलका पुरावा बाहेर दिसत नाही. ज्या नळकांड्यात स्क्रू शिरतो, त्याला 'बॉक्स' म्हणतात. जुन्या पद्धतीत बॉक्सच्या आतले आटे कापून काढलेले नसत. चौकोनी छेदाची पट्टी स्क्रूच्या आट्यांत गुंडाळून ती बॉक्समध्ये घालत आणि पितळेच्या झाळकामाने आत पक्की करत. पुढे अखंड धातूचे बॉक्स आले. इंग्लंडमधील डडलीचे पीटर राइट यांचे 'सॉलिड बॉक्स' हे नाव याच सुधारणेची जाहिरात होती. तेव्हा वरचे अक्षर वाचण्यापूर्वी स्क्रू बाहेर काढावा आणि विजेरी लावून आत पाहावे.

५/
बेंच व्हाईसची जात निराळी. तो प्रामुख्याने बिडाचा ओतीव. बीड दाब उत्तम सोसते, पण घणाच्या आघाताने तडकते. तरीही कारखान्यांनी बीड स्वीकारले, कारण एकदा पॅटर्न तयार झाला की तोच घाट हजारो वेळा ओतता येतो, आणि सरळ सरकणाऱ्या जबड्यामुळे पकड समांतर राहते. अमेरिकेत मेरिडनचे चार्ल्स पार्कर, इरी शहरातले रीड, ॲथॉल गावची ॲथॉल मशीन कंपनी. इंग्लंडात शिपलीचे पार्किन्सन, 'रेकॉर्ड' हे नाव लावणारे शेफील्डचे सी. अँड जे. हॅम्प्टन, 'वोडन' नाव लावणारे वेन्झबरीचे कारखानदार. संग्राहकांच्या जिभेवर असणारी ही नावे.

६/
आता पहिला आक्षेप: वय. सर्वांत प्रचलित चूक पेटंटच्या तारखेची. अंगावर '१८९१' असे उमटलेले दिसले की वस्तू १८९१ ची ठरवली जाते. वास्तविक ती तारीख कल्पनेच्या हक्काची आहे, ओतकामाची नव्हे. पेनसिल्व्हेनियातील वेन्सबरो येथील जोसेफ एमर्ट यांच्या पॅटर्नमेकर व्हाईसचे पेटंट १८९१ चे. मात्र तो व्हाईस त्यानंतर कित्येक दशके बनत राहिला. पेटंटची तारीख एवढेच सांगते की वस्तू त्याआधीची नाही. नाणेशास्त्राचा पहिला धडा घेतलेल्या कोणालाही हा भेद ठाऊक असतो. लोखंड हाती येताच तो विसरला का जातो?

७/
ब्रिटिश पेटंटांचा घोळ आणखी वेगळा. १९१५ पर्यंत ब्रिटनमध्ये दरवर्षी पेटंटचे क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होत. म्हणून त्या काळातला नुसता क्रमांक, वर्षाविना, निरुपयोगी आहे. १९१६ पासून क्रमांक सलग झाले आणि ते १,००,००१ पासून सुरू झाले. याचा अर्थ, ब्रिटिश व्हाईसवर सहा आकडी पेटंट क्रमांक असेल तर त्याला व्हिक्टोरिया राणीच्या काळात ढकलता येत नाही. राणी १९०१ साली निवर्तली. ही पडताळणी करायला अर्धा मिनिट लागतो. तरी 'व्हिक्टोरियन' हे विशेषण जाहिरातींतून हटत नाही, कारण त्याने किंमत वाढते.

८/
तिसरा फसवा पुरावा देशाच्या नावाचा. ब्रिटनने १८८७ साली मालचिन्हांचा कायदा केला, त्याच धर्तीचा कायदा हिंदुस्थानात १८८९ साली झाला, आणि अमेरिकेने १८९० च्या मॅकिन्ली जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव बंधनकारक केले. त्यावरून 'इंग्लंड हे नाव नाही, म्हणजे वस्तू १८९० पूर्वीची' असा नियम रचला गेला. हा नियम टिकत नाही. अमेरिकेचे बंधन अमेरिकेत येणाऱ्या मालाला होते. ब्रिटिश माल ब्रिटनमध्येच विकला जाताना, किंवा मुंबईस येताना, तो त्या अमेरिकी कायद्याला बांधलेला नव्हता. नाव असणे हा पुरावा होऊ शकतो, नाव नसणे हा क्वचितच.

९/
चौथा फसवा पुरावा मॉडेल क्रमांक. रेकॉर्डच्या सुतारकामाच्या व्हाईसपैकी ५२ म्हणजे ७ इंची जबडा, ५२½ म्हणजे ९ इंची, ५३ म्हणजे १०½ इंची. हे क्रमांक आकार सांगतात आणि ते दशकानुदशके बदलले नाहीत. '५२' पाहून '१९५२' वाचणारे महाभाग असतात. तोच प्रकार ऐरणींचा. पीटर राइटच्या ऐरणीवर '१ २ १०' असे तीन आकडे दिसले तर ती तारीख नव्हे, वजन आहे: एक हंड्रेडवेट म्हणजे ११२ पौंड, दोन क्वार्टर म्हणजे ५६ पौंड आणि वर १० पौंड. एकूण १७८ पौंड, म्हणजे सुमारे ८१ किलो.

१०/
बरे, खरोखरच तारीख ठोकलेली असेल तर? तिथेही वाचन हवे. शिकागोच्या विल्टन कंपनीचे, बंदुकीच्या गोळीसारख्या घाटाचे 'बुलेट' व्हाईस संग्राहकांचे लाडके. त्यांच्या सरकत्या भागाखालच्या चावीवर तारीख असते. परंतु आरंभीची काही वर्षे सोडली, तर ती निर्मितीची नव्हे, पाच वर्षांच्या हमीची मुदत संपण्याची तारीख आहे. १९५८ वाचायचे आणि १९५३ समजायचे. अंगावरील 'शिकागो' हे गाव बदलून पुढे 'शिलर पार्क' झाले, तीही एक खूण. अशा दोन स्वतंत्र खुणा एकमेकींशी जुळतात तेव्हाच विधान उभे राहते.

११/
शिवाय एकाच व्हाईसचे सर्व भाग एका वयाचे असतात हे गृहीतकही चुकीचे. जबड्यांच्या पोलादी पट्ट्या झिजल्या की बदलतात, हँडल हरवते, स्क्रू नवा बसतो. पट्टीच्या स्क्रूवर फुलीची खाच, म्हणजे फिलिप्स खाच, असेल तर तो स्क्रू १९३० च्या दशकापूर्वीचा नाही. पण त्यावरून संपूर्ण व्हाईस नंतरचा ठरवणे ही उलट दिशेची घाई झाली. प्रत्येक भागाचा स्वतंत्र जबाब घ्यावा लागतो. मंदिराचा गाभारा, सभामंडप आणि शिखर वेगवेगळ्या शतकांतले असू शकतात, हे आपण सहज मान्य करतो. व्हाईसला हा न्याय का नाही?

१२/
मग पद्धत कोणती? इतिहासाची जुनीच: खालची मर्यादा आणि वरची मर्यादा. 'याआधीची नाही' आणि 'यानंतरची नाही'. खालची मर्यादा पेटंट, धातू आणि कारखान्याचे नाव देतात. वरची मर्यादा बहुधा मालकाचे ठसे देतात. समजा, एखाद्या व्हाईसवर छिन्नीने वा पंचने 'जी. आय. पी.' ठोकलेले आहे. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी जी. आय. पी. रेल्वे मध्य रेल्वेत आणि बी. बी. अँड सी. आय. रेल्वे पश्चिम रेल्वेत विलीन झाली. म्हणजे तो ठसा, आणि अर्थातच तो व्हाईस, त्याआधीचा असण्याची शक्यता दाट. ठोकताना वाकडी झालेली तीन अक्षरे कारखान्याच्या सुबक नावाहून अधिक बोलतात.

१३/
तसाच तीन रेघांचा बाण, म्हणजे 'ब्रॉड ॲरो'. कित्येकजण त्याला कंपनीचे बोधचिन्ह समजून कंपनी शोधत बसतात. तो ब्रिटिश सरकारी मालमत्तेचा शिक्का आहे. हिंदुस्थानातील सैनिकी मालावर त्यासोबत 'आय' हे अक्षर येई. असा शिक्का असलेला व्हाईस एके काळी सरकारी हिशेबात नोंदलेला होता आणि पुढे कधीतरी त्या हिशेबातून बाहेर पडला. तो कोणी बनवला हे शिक्का सांगत नाही, तो कोठे राबला हे सांगतो. संग्राहक पहिल्याच प्रश्नापाशी थांबतो, इतिहासाला दुसराही हवा असतो.

१४/
येथून दुसरा आक्षेप. हे सारे ठसे अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर खोल असतात. सँडब्लास्टिंग, अँगल ग्राइंडर आणि आम्ल यांचा मारा प्रथम त्यांच्यावरच होतो. जुन्या रंगाचे थर जातात, आणि थरांचा क्रम हाच तर कार्यशाळा बदलल्याचा दस्तऐवज. घडीव लोखंडावरील हातोड्याच्या व कानशीच्या खुणा जातात. नंतर त्यावर मोटारीचा चमकदार लाल किंवा निळा रंग, उंचावलेल्या अक्षरांना सोनेरी बोट, आणि चित्रफितीचे शीर्षक 'पुनरुज्जीवन'. आपल्यासमोर उरते ते एक सुंदर, निर्वाक लोखंड.

१५/
या धाग्याच्या वाचकांपैकी अनेकांनी गावोगावच्या वीरगळांना ऑइलपेंट फासलेला पाहून संताप व्यक्त केला असेल. वीरगळ मूळ जागेवरून उचलून देवळाच्या ओट्यात चिणला की त्याची साक्ष अर्धी होते, हे आपण एकमेकांना पटवून देतो. शिलालेखावर सिमेंट लिंपणाऱ्याला आपण दोष देतो, मग तो कितीही श्रद्धेने लिंपो. श्रमिकाच्या हत्याराला तेच केले की मात्र आपण टाळ्या वाजवतो. हा दुटप्पीपणा अजाणता घडतो, हे मान्य. पण त्याच्या मुळाशी एक धारणा आहे: शूराचा दगड हा इतिहास, फिटरचे लोखंड हे भंगार.

१६/
यावर प्रतिप्रश्न येतो: 'मग गंज वाढू द्यायचा का?' मुळीच नाही. चालू गंज हा पुरावा नव्हे, पुराव्याचा शत्रू आहे. तो थांबवलाच पाहिजे. पण थांबवणे आणि खरवडून काढणे यांत अंतर आहे. रॉकेल, मऊ ब्रश, चिंध्या आणि शेवटी तेलाचा पातळ थर एवढ्याने बहुतेक काम भागते. गंज दाट असेल तर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातील विद्युत्-विघटन मूळ धातू न कापता तो सैल करते. मात्र त्याने रंगही सुटतो, म्हणून आधी रंगाची नोंद हवी. जुन्या रंगात शिसे असू शकते. तो बंद खोलीत कोरडा घासू नये, हे आरोग्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचे.

१७/
दुसरा प्रतिप्रश्न अधिक न्याय्य आहे: 'व्हाईस वापरायला असतो, काचेच्या कपाटात ठेवायला नाही.' पूर्ण सहमती. जो फिटर रोज त्यावर काम करतो त्याने जबडे बदलावेत, स्क्रूला ग्रीस लावावे, हवा तो रंग द्यावा. त्याचा वापर हा त्या वस्तूच्या इतिहासाचा पुढचा अध्याय आहे. माझा वाद त्याच्याशी नाही. वाद त्याच्याशी आहे जो ती वस्तू 'ऐतिहासिक' म्हणून विकतो आणि विकण्यापूर्वी तिच्यावरील इतिहास पुसतो.

१८/
तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर. संग्राहकांच्या मूल्यमापनात झीज म्हणजे दोष. पण झीजच खरे वाचन देते. जबड्याची एकच बाजू झिजली असेल तर काम वारंवार कडेला धरले जात होते. हँडल वाकले असेल तर कोणीतरी त्यावर पाइप चढवून मर्यादेबाहेर जोर लावला होता. ऐरणीसारख्या सपाट भागावर खड्डे, कडेला करवतीचे चुकार घाव. तडकलेले बीड पितळेने झाळून जोडलेले असेल, तर त्या कार्यशाळेत नवा व्हाईस मागवण्यापेक्षा जुना जगवणे परवडत होते किंवा अपरिहार्य होते. हे सारे बाजारभाव उतरवते. अभ्यासकाच्या दृष्टीने तेच मोलाचे.

१९/
'नकली' व्हाईसविषयीचा तिटकाराही तपासून पाहिला पाहिजे. अस्सल व्हाईसचाच पॅटर्न म्हणून वापर करून साचा घेतला, तर ओतीव बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसते. १०० मिलिमीटरचे माप ९९ वर येते आणि अक्षरांच्या कडा बोथट होतात. कॅलिपरने ही नक्कल ओळखता येते, आणि विकत घेणाऱ्याने ती ओळखावी. अस्सलच्या किमतीत नक्कल विकणे ही फसवणूक आहेच. पण ओळखून झाल्यावर ती फेकून देण्यासारखी ठरते का?

२०/
माझे उत्तर ठाम नकारार्थी आहे. समोरची परदेशी वस्तू उलगडून, तिचा साचा घेऊन, आपल्या भट्टीत ती ओतून पाहणे हाच अनेक देशांत उद्योगाचा पहिला वर्ग होता. स्वातंत्र्यानंतर आयात परवान्यांच्या काळात परदेशी हत्यार सहजी मिळत नसे. कोल्हापूर, बेळगाव, बटाला, हावडा यांसारख्या ओतशाळांच्या गावांत बीडकाम शिकलेल्या पिढ्यांचा इतिहास मोठ्या कंपन्यांच्या स्मरणिकांत सापडत नाही. बोथट अक्षरांचा, निनावी, एक टक्का लहान व्हाईस हा अशा शिक्षणाचा कागद असू शकतो. त्याला 'ड्युप्लिकेट' म्हणून हिणवणे म्हणजे शिकणाऱ्याची पाटी फोडणे.

२१/
आणि आता मुंबई. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यानंतरच्या वर्षांत गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि यंत्रे भंगाराच्या भावाने गेली. कापड गिरणी म्हटले की आपल्याला माग आणि चात्या आठवतात. पण ती यंत्रे चालती ठेवणारे फिटर आणि टर्नर गिरणीतच होते, आणि त्यांच्या बाकांवर व्हाईस होते. जे वितळले नाहीत ते भंगार बाजारांतून पांगले. कोणता व्हाईस कोणत्या गिरणीचा, कोणत्या खात्याचा, हे सांगणारी शेवटची खूण म्हणजे त्यावरील ठोकलेली अक्षरे आणि विकणाऱ्याची आठवण. पहिली ग्राइंडरने जाते, दुसरी आपण विचारतच नाही.

२२/
'संग्राहक नसते तर हे सारे भट्टीत गेले असते' हा युक्तिवाद खरा आहे, आणि त्याबद्दल संग्राहकांचे ऋण मानलेच पाहिजे. सरकारी संग्रहालयांनी हत्यारांकडे जितके लक्ष द्यायला हवे होते तितके दिले नाही, ही जबाबदारी संग्राहकांची नव्हे. परंतु वाचवण्याचे श्रेय घेणाऱ्यावर काय वाचवले याचा जाब देण्याचे दायित्वही येते. लोखंड वाचवले आणि त्याचा ठावठिकाणा गमावला, तर भट्टीत गेलेल्या व्हाईसहून हा व्हाईस इतिहासाला फारसा अधिक उपयोगी नाही.

२३/
म्हणून मागणी साधी आहे, आणि तिला पैसे लागत नाहीत.
• हात लावण्यापूर्वी सर्व बाजूंनी, तिरप्या उजेडात छायाचित्रे घ्या. तिरप्या उजेडात पुसट ठसे उठून दिसतात.
• कोठे, कधी, कोणाकडून मिळाला आणि विकणाऱ्याने काय सांगितले, ते त्याच दिवशी लिहा. सांगीव माहिती 'सांगीव' म्हणूनच नोंदवा.
• जबड्याची रुंदी, उघडण्याची मर्यादा, वजन आणि आट्यांचा प्रकार मोजा.
• प्रत्येक बदललेला भाग स्वतंत्र नोंदवा.
• वय लिहिताना एक साल नव्हे, दोन मर्यादा लिहा.

२४/
आणि एक सहावी गोष्ट, जी लोखंडापेक्षा वेगाने नष्ट होत आहे. ज्यांनी या व्हाईसवर तीस-तीस वर्षे काढली ते फिटरकाका आज सत्तरी-ऐंशीत आहेत. व्हाईसची उंची कोपराशी का जुळवतात, मऊ धातू धरताना जबड्यांना तांब्याची वा जस्ताची पट्टी का लावतात, हँडल सोडताना ते उभे का ठेवतात, हे ते हसत हसत सांगतील. त्यांना विचारा, ध्वनिमुद्रण करा, त्यांच्या परवानगीने नाव लिहा. शेफील्ड आणि इरीच्या कारखान्यांची नावे बिडात ओतलेली आहेत, ती टिकतील. त्या व्हाईसवर राबलेल्या माणसांची नावे कोणीही ओतून ठेवलेली नाहीत. ती लिहिणे आपल्यालाच भाग आहे.